तेराव्याला दिलेली मोटार

निजामाच्या अमदानीत ज्यांनी हौसेनं मोटारी घेतल्या, त्यांच्या जहागिऱ्या पुढं गेल्या आणि मोटारी तेवढ्या दारात उरल्या. पेट्रोल परवडेना, टायर मिळेनात, आणि विकायला काढावी तर चारचौघांत शोभा. मग त्यावर एक नामी तोड निघाली. मोटार धर्माला द्यायची. पुण्यही पदरात आणि अंगणही मोकळं! तुळजापूरच्या एका धर्मशाळेला मिळालेल्या मोटारीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. परंड्याकडच्या एका शाळेनं मोटारीचे दोन्ही दिवे काढून हेडमास्तरांच्या खोलीत टांगले आणि बाकीची मोटार पोरांनी फडशा पाडेपर्यंत मैदानात ठेवली. देणाऱ्याचं नाव मात्र पाटीवर ठळक.

बेंबळीच्या आण्णासाहेबांची काळी मोटार तेवढी खरोखर कामी आली. गावात बाळंतपणाचा धर्मादाय दवाखाना होता, त्याला ती दिली आणि तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हर श्रीमंतही गेला. अडलेल्या बाईला धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात पोचवायचं, एवढंच काम. मागची बैठक काढून तिथं गादी अंथरली. बाई गादीवर आडवी, घरचं माणूस पुढं श्रीमंतशेजारी. दवाखान्याच्या नर्सबाई द्वारकाबाई म्हणायच्या, दहा सुइणींचं काम ही एक मोटार करती.

पण ही मोटार दिली ती तेराव्याला.

आण्णासाहेबांची सून लीला श्रावणात गेली. पहिलटकरीण होती, दोन दिवस अडली होती. तेराव्याला तुळजापूरचे मार्तंड भटजी आले, त्यांनी छत्री, चपला, गादी, तांब्या असं सगळं मांडलं आणि रिवाजाप्रमाणं सांगितलं, "आज जे द्याल ते तिला वाटेवर मिळेल. वर्षभर जीव वाटेवर असतो. उन्हात छत्री, काट्यांत चपला." आण्णासाहेब म्हणाले, "मग मोटारबी द्या." ताम्हनात पाणी सोडलं, मोटार दवाखान्याची झाली. जमलेल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. असा सासरा कुणाच्या नशिबी येतो, असंही कुणी म्हणालं. श्रीमंत खाली मान घालून उभा होता. त्याला नि आण्णासाहेबांना काय ते ठाऊक होतं.

लीला अडली त्याच्या दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंनी हात टेकले होते. पोरीला आत्ताच्या आत्ता धाराशिवला न्या, म्हणाल्या. आण्णासाहेबांनी श्रीमंतला गोठ्यामागं बोलावलं. "या घरची सून परक्या बाप्यांच्या दवाखान्यात जायची न्हाय. मोटार बंद पडली म्हणून सांग." अन्नदात्याचा हुकूम. श्रीमंतनं इंजिनातला बोटभर तुकडा काढून खिशात टाकला आणि द्वारकाबाईंना सांगितलं, मोटार चालू होत न्हाय. तिथंच थांबला असता तर एक वेळ ठीक होतं. पण मोटार उभी होती ती बाळंतिणीच्या खिडकीखाली, आणि द्वारकाबाई खोलीबाहेर गेल्या की आतून लीला विचारत होती, "श्रीमंतभाऊ, मोटार निघाली का वो?" त्या पोरीला 'न्हाय' कसं म्हणावं ते त्याला कळेना. तो म्हणाला, "निघाली, वैनीसाहेब. आता भ्यायचं न्हाय." तिनं तीनदा विचारलं, त्यानं तीनदा तेच सांगितलं. दिवेलागणीच्या आत ती गेली.

मोटारीतून पहिली नेली ती कुंभाराची सून. पंधरा दिवसांनी लेकरू काखेत घेऊन श्रीमंतला नारळ द्यायला आली.

"मोटारीतल्या त्या बाई कुठं राहत्यात? त्यांचीबी वटी भरायची हाय."

"कंच्या बाई? तुझी सासू तर म्होरं बसली हुती."

"सासू न्हाय वो. माझ्या उशाला बसल्या हुत्या त्या. हिरव्या बांगड्यांच्या. हात लई गार, पर धाराशिव येस्तवर सोडला न्हाय. जास्त बोलल्या न्हायत. एकच म्हणायच्या, मोटार निघाली, आता भ्यायचं न्हाय."

ते शब्द श्रीमंतचे होते. खिडकीतून आत टाकलेले, त्याचे नि लीलाचे, तिसऱ्या कुणी ऐकलेले नव्हते.

पुढं जी बाई मोटारीतून गेली तिनं तेच सांगितलं. कुणी घाबरून सांगितलं नाही, हे विशेष. शरणम्मा म्हणून वाण्याची एक सून होती, जुळं होतं तिला. ती म्हणाली, आई असती तरी इतकी बसली नसती. घाबरत होता तो एकटा श्रीमंत. बाईला पोचवून रिकामी मोटार घेऊन तो परत निघे, तेव्हा मागं गादीवर कुणी नसताना डाव्या चाकावरची स्प्रिंग दबलेली असे. खड्ड्यात चाक गेलं की मागं बांगड्या किणकिणत. ओव्याच्या धुरीचा वास येई. तो मागं बघत नसे. मानेला कुणी खिळा मारल्यागत समोर बघे, आणि बेंबळी आली की दार उघडं टाकून पळे. नोकरी सोडायचं त्यानं कितीदा ठरवलं. वैनीसाहेबांचे पाय धरावे, चुकलो म्हणावं, असंही ठरवलं. पण त्यासाठी मागं वळावं लागलं असतं.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. एकोणीस बायका त्या मोटारीतून गेल्या आणि एकही दगावली नाही. द्वारकाबाईंनाही याचं नवल वाटे. आणि मग श्रीमंतच्या मनात जे झालं ते सांगायला मलाच लाज वाटते. माणूस मोठा लबाड. ज्या बाईला त्यानं फसवून मारलं, तिच्याच भरवशावर तो राहू लागला. भीती होतीच, पण भीतीच्या पोटात हिशेब शिरला.

त्याची एकुलती एक लेक चतुरा बार्शीला दिली होती. बायको मागंच वारलेली, ह्या पोरीवर त्याचा सगळा जीव. चतुराला दिवस गेलेले होते. सासरची माणसं समजूतदार होती. म्हणाली, दवाखाना इथं दोन गल्ल्या पलीकडं आहे, पोरगी इथंच राहू द्या. श्रीमंतनं ऐकलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे, म्हणाला. रीत पुढं केली, पण मनात होती मोटार. बार्शीच्या दवाखान्यात डॉक्टर असतील, पण माझ्या मोटारीत जे आहे ते तिथं कुठून येणार? आठव्या महिन्यात तो तिला बेंबळीला घेऊन आला.

फाल्गुनात एके दिवशी तो धाराशिवहून रिकामा परत येत होता. वाटेत मार्तंड भटजींनी हात केला. ते पुढं बसले. थोडं अंतर गेल्यावर श्रीमंतच्या ध्यानात आलं की आज मागं काहीच वाजत नाही. खड्डे तेच, स्प्रिंग मात्र सरळ. ओव्याचा वास नाही. जुन्या कातड्याचा नि पेट्रोलचा, मोटारीला यावा तसा वास येत होता.

"भटजी, कुणीकडं दौरा?"

"आण्णासाहेबांकडं. काल सुनेचं वर्षश्राद्ध उरकलं, आज देवक बसवायचंय. उद्या मुलाचं दुसरं लग्न नाही का!"

"वर्षश्राद्ध? आवो, श्रावण लांब हाय अजून."

"घरात मंगलकार्य असलं की आधी ओढून घेता येतं. शास्त्राची सोय आहे तशी." भटजींनी उपरण्यानं घाम टिपला. "झालं, सुटली बिचारी. पितरांत मिळाली. आता तिची वाट संपली."

श्रीमंतनं मोटार थांबवली. सात महिन्यांत पहिल्यांदा तो मागं वळला. गादीवर पांढरी चादर होती, इस्त्री केल्यासारखी सपाट. तिच्याकडं बघून त्याला जी भीती वाटली, तशी त्या सात महिन्यांत एकदाही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चतुराच्या पोटात कळा सुरू झाल्या. द्वारकाबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "श्रीमंतभाऊ, मूल आडवं आहे. एक क्षण थांबू नका." त्यांच्यापाशी दुसरी एक बाई निम्मी मोकळी झालेली, त्यांना हलता येईना. बरोबर न्यावं तर गल्लीत चिटपाखरू नाही. सगळी बेंबळी आण्णासाहेबांच्या मांडवात जेवायला गेली होती. श्रीमंतनं लेकीला उचलून गादीवर ठेवलं आणि एकटाच निघाला. मांडवावरून मोटार गेली तेव्हा ताशा कडकडत होता. चतुराचं ओरडणं त्यात बुडून गेलं.

गावाबाहेर शांत झाल्यावर त्यानं विचारलं, "चतुरे, जवळ कुणी हाय का गं?"

"कोण असंल आबा? कुणी न्हाय."

"नीट बघ. उशाला बघ."

"कुणी न्हाय! कशाला भिववता मला?" आणि ती रडू लागली. "आबा, तुमीच या की मागं. एकटीला लई भ्या वाटतंय."

त्याला जाता येत होतं थोडंच! हाकणारा तो एकटा. त्यानं उजव्या हातात चाक धरलं आणि डावा हात मागं केला. चतुरानं तो दोन्ही हातांनी घट्ट पकडला. चढ आला, मोटार दम टाकू लागली. गिअर बदलायचा तर हात काढावा लागणार. त्यानं काढला नाही. इंजिन कण्हत कण्हत चढ चढलं. बोनेटमधून वाफ येऊ लागली. दोन्हीकडं कापणी झालेली ज्वारीची रानं, डोळे दिपतील असं ऊन, आणि रस्त्यावर ना माणूस ना गाडी. त्या लख्ख दुपारी त्याला आरशात मागची गादी दिसत होती. तिच्यावर त्याची लेक होती आणि बाकी सगळी जागा रिकामी होती. रिकामी जागा माणसाकडं बघत असते हे त्याला तेव्हा कळलं.

त्याचा धीर सुटला. त्या जागेलाच तो बोलू लागला.

"वैनीसाहेब, चुकलो. म्या खोटं बोललो. मोटार चांगली हुती. तुकडा माझ्या खिशात हुता. तुमी तीनदा इचारलं आन् म्या तीनदा तोंडावर खोटं सांगितलं. मला काय बी करा, पर एवढ्या डाव या. माझ्या लेकीजवळ बसा."

मागं चतुराचं कण्हणं थांबलं.

"आबा, लीलावैनींना मोटार मिळाली असती?"

लेकीला खोटं सांगायची ताकद त्याच्यात उरली नव्हती, आणि खरं तर तिनं ऐकलंच होतं.

त्याच्या हातावरची पकड सैल झाली. आधी एक हात गेला, मग दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून सुटली. "चतुरे! ए चतुरे!"

"हाय म्या," ती म्हणाली. आवाज दमलेला होता, पण साफ होता. "हात नका देऊ. दोन्ही हातांनी मोटार हाका."

त्यानं हात पुढं घेतला आणि गिअर टाकला. पुढचे सात मैल ती ओठ दाबून पडून राहिली. किती कळा आल्या असतील देव जाणे, तिनं बापाला एकदाही हाक मारली नाही.

धाराशिवला पोट चिरून मूल काढलं. मुलगी झाली. दोघी जगल्या. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. श्रीमंतनं देवीला साडी बोलली, दवाखानाभर पेढे वाटले. चतुरा त्याच्याशी सगळं बोलायची. दूध आणा म्हणायची, फडकी वाळत घाला म्हणायची. फक्त तो खाटेवर बसला की ती पोरीला घेऊन भिंतीकडं तोंड करायची.

सोळाव्या दिवशी घरी सोडलं. जावई बार्शीहून आला होता. श्रीमंतनं पहाटे उठून मोटार धुतली होती, गादीवर नवी चादर घातली होती. तो मागचं दार उघडून उभा राहिला. म्हणाला, "बस गं. बार्शीपातूर सोडतो. ऊन लई हाय, लेकराला सोसायचं न्हाय."

चतुरानं पोरीच्या तोंडावर पदर ओढला. मोटारीकडं तिनं पाहिलं, मग बापाकडं. राग नव्हता तिच्या नजरेत. रागावली असती तर त्यानं पाय धरले असते.

"नको आबा," ती म्हणाली. "आमी यष्टीनं जाऊ."

जावयानं ट्रंक उचलली. दोघं फाटकाबाहेर पडून उन्हात स्टँडच्या रस्त्याला लागली, आणि श्रीमंत दार धरून उभा राहिला.