फुकटचं प्यादं

शिवराम आणि कौसल्याच्या घरात मोठी भांडणं तोंडाने नाही, बुद्धिबळाच्या पटावर मिटायची. लग्न झाल्यापासूनची रीत. अनुजाला कुठल्या शाळेत घालायचं, आधी फ्रीज की आधी कपाट, सगळं डावावर ठरलेलं. जिंकेल त्याचं ऐकायचं, मागाहून कुरकुर करायची नाही. आणि बहुतेक वेळा कौसल्याच जिंकायची.

आज रविवारी जेवणं आटोपल्यावर पट मांडला तो लालबाग सोडायचं की नाही, यावर. शिवडीच्या गोदामातून निवृत्त झाल्यापासून शिवरामने गावाला जाऊन राहायचा धोशा लावला होता. कौसल्याला गाव नको होतं. मैत्रिणी इथल्या, तिच्या हातच्या मसाल्याची गिऱ्हाइकं इथली. या वयात विहिरीचं पाणी कोण ओढणार? पण वाद घालून घालून तीही पार कंटाळली होती. काय ते एकदाचं होऊन जाऊ दे, म्हणाली.

दोघांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. आता याचा घोडा येणार, तिला ठाऊक होतं. दुसरं काही हा बाबा जन्मात खेळला नव्हता. पण शिवरामने शेजारचं प्यादं उचललं आणि तिच्या प्याद्याच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. फुकट.

कौसल्या बघतच राहिली. मारावं? आपलं प्यादं नुसतं राखावं? की उंट काढून गप्प बसावं? उंट काढला किंवा राखत बसलं, तर डाव दिवेलागणीपर्यंत लांबणार, आणि तेवढं त्राण तिच्यात नव्हतं. आणि मारलं तर? तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. दमलाय बिचारा. ‘राहू या इथेच’ असं तोंडाने म्हणवत नाही, म्हणून मुद्दाम हरतोय.

“परत घ्या,” ती म्हणाली. “मी काही बोलणार नाही.”

“हात लावला की लावला. खेळ गो, किती बघतंस?”

तिला भरून आलं. एवढं मन राखतोय, तर आपणही मान ठेवावा. तिने प्यादं मारलं.

मग त्याचा घोडा आला, उंट आला. तिने पुढे नेलेलं प्यादं त्याने अलगद उचललं आणि मोकळ्या झालेल्या वाटेने हत्ती थेट तिच्या राजावर चालून आला. चहाची वेळ व्हायच्या आत राजा कोंडला गेला.

“हे कुठे शिकलात?”

“गोदामातलो ॲलिस्टर शिकवता. फोनवर.”

“कधीपासून?”

“वरीस झाला,” शिवराम मान खाली घालून म्हणाला.

वर्षभर! तिला वाटायचं, मेला मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतो, दुसरा उद्योग नाही. आणि हा माणूस गावाला जायला मिळावं म्हणून एकच डाव घोकत होता. एवढी ओढ होती, आणि शेजारी झोपून तिला कळली नाही. राग यावा तर तोही येईना, इतकी ती थकली होती.

तिने आपला राजा आडवा केला.

“आधी विहिरीवर पंप बसवा,” ती म्हणाली. “पाणी मी ओढणार नाही.”