मानेमागे धरलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण तोंड बघायचा नव्हे. मी मान बघायचा आरसा. सलूनमध्ये केस कापून झाले की कारागीर तुमच्या डोक्यामागे एक छोटा गोल आरसा धरतो आणि विचारतो, "ठीक आहे?" तुम्ही नीट न बघताच "हो हो" म्हणता आणि खुर्चीतून उठता. तोच मी. जन्मभर लोकांनी मला न बघताच हो म्हटलंय, त्यामुळे माझा स्वभाव जरा तिरसट झाला आहे. सांभाळून घ्या.

काचेच्या कारखान्यात माझे थोरले भाऊ कपाटांच्या दारांवर गेले. त्यांना कापून उरलेल्या तुकड्याला गोल आकार दिला, लाकडी चौकट आणि दांडा बसवला, आणि मी झालो. नवं दुकान टाकणाऱ्या एका तरुण कारागिराने घासाघीस करून मला विकत घेतलं. तेच माझे मालक. त्यांच्याबरोबर मी हजारो माना पाहिल्या. मुलाखतीला निघालेल्यांच्या, नुकतंच टक्कल पडू लागलेल्यांच्या, खोडकर पोरांच्या. "हा आरसा कुणाची भीड ठेवत नाही," असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि मी मनातल्या मनात फुगायचो. पुढे समोर मोठं चकचकीत सलून आलं, आमच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या, आणि एक दिवस दुकानाचं शटर कायमचं खाली आलं. मी जुन्या टॉवेलात गुंडाळलेला महिनोन्‌महिने माळ्यावर पडून होतो. कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं.

मग मालकांना एका वृद्धाश्रमाचं काम मिळालं. एकाआड एक मंगळवारी जायचं आणि अकरा आजोबांची दाढी-कटिंग करायची. इमारत दिसायला छान होती. दारात कुंड्या, भिंतींना धरून चालायला कठडे, फरशीला फिनेलचा वास. फोन मात्र आत न्यायचा नाही, तो प्रवेशाच्या टेबलावर ठेवायचा. राहणाऱ्यांचा खासगीपणा जपायला, असं तिथल्या मॅडम सांगायच्या. बाथरूमशेजारच्या छोट्या खोलीत एक खुर्ची होती, तिथे एकेक जण आत यायचा.

त्यांत आमचे लाडके पंचकाका. तीस वर्षं फुटबॉलच्या सामन्यांत पंचगिरी केलेला माणूस. वस्तऱ्याने जरा कुठे ओरखडा निघाला की हे गरजायचे, "फाऊल! बाहेर काढा याला!" बाहेर बाकावर बसलेले दहाही आजोबा हसायचे. मी मागे आलो की म्हणायचे, "धर नीट. किती शिल्लक राहिलेत ते मोजू दे." मला ते आवडायचे, कारण ते एकटेच मला खरोखर बघायचे.

एका मंगळवारी ते आले ते गप्पच. दाढी करता करता मालकांनी दुसरा हात वर नेला तशी त्यांची मान खांद्यांत गेली. त्या झटक्यात वस्तरा लागला आणि हनुवटीवर रक्ताचा ठिपका आला. मालक थांबले, आता काका 'फाऊल' ओरडणार म्हणून हसत उभे राहिले. पंचकाका पुटपुटले, "चुकलं माझं. पुन्हा नाही हलणार."

मालकांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्यांनी मला मागे धरलं. डाव्या कानामागे अंगठ्याएवढा निळा डाग होता. आणि इथेच माझ्या मालकांनी घोडचूक केली. सलूनमध्ये सगळं सगळ्यांसमोर बोलायची सवय असते ना? तशीच ते मोठ्याने बोलून गेले, "काका, हे काय लागलंय हो?"

दाराला टेकून तिथला मदतनीस उभा होता. तो म्हणाला, "बाथरूममध्ये पडले. काय काका, पडलात ना?"

"पडलो," पंचकाका म्हणाले.

"जपा हं," मालक म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं. मित्रांनो, माझा नुसता तिळपापड झाला. अहो, पडणाऱ्याचं कोपर फुटतं, गुडघा फुटतो. कानामागच्या खळगीवर कोण पडतं?

घरी मालकांनाही चैन पडेना. त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. मी पिशवीतून ऐकत होतो. त्या माउलीने कपाळाला हात लावला. "अहो, त्या माणसाच्या तोंडावर विचारलंत? मग ते बिचारे काय सांगणार? दोघंच असताना विचारायचं हो."

पुढचे दोन आठवडे मला जायला नको वाटत होतं आणि लवकर जावंसंही वाटत होतं. मंगळवार उजाडला. पंचकाका आले. उकाड्यात सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, आणि तरी कॉलर सैल. आता दोन्ही कानांमागे डाग होते. एक पिवळा पडलेला, एक ताजा. मदतनीस दारात होताच.

मालकांनी पाण्यात बोट बुडवलं. "पाणी कोमट झालंय हो. कडकडीत आणता का? वस्तरा ओढतोय." स्वयंपाकघर पार दुसऱ्या टोकाला होतं. तो कुरकुरत गेला.

मालक वाकले. "काका, आता दोघंच आहोत. कोण करतं हे?"

पंचकाकांनी दाराकडे पाहिलं. तेव्हा मालकांनी मला त्यांच्या हातात दिलं. "माझ्याकडे बघू नका. आरशात बघून सांगा." माणसं माणसाच्या तोंडावर जे बोलत नाहीत ते आरशाशी बोलतात, हे आम्हा दोघांना दुकानातल्या दिवसांपासून ठाऊक आहे. पंचकाकांनी माझ्यात पाहिलं. गाल आत गेले होते, डोळे घाबरलेले होते. माझा जीव गलबलला.

"मला गिळायला वेळ लागतो रे," ते हळूच म्हणाले. "त्याला अकरा जणांना भरवायचं असतं. मग तो मागून मान धरतो आणि कोंबतो. परवा ठसका लागला, श्वास येईना. तरी थांबला नाही."

मालक म्हणाले, "तुमच्या मुलीचा नंबर सांगा. मी कळवतो."

"नको नको! ती येणार, भांडणार आणि निघून जाणार. मग मी आहे आणि तो आहे."

"ती तुम्हाला घेऊन जाईपर्यंत मी इथून हलत नाही. शब्द देतो."

पंचकाकांना नंबर पाठ होता. पण फोन टेबलावर, आणि पेन कुणाकडेच नाही. मालकांनी दाढीच्या फेसात बोट बुडवलं आणि माझ्या काचेवर एकेक आकडा लिहायला सुरुवात केली. कॉरिडॉरमध्ये चपला वाजल्या. शेवटचा आकडा कसाबसा उमटला आणि मालकांनी मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून वर टॉवेल अलगद पसरला.

मदतनिसाने गरम पाण्याचं भांडं कट्ट्यावर आदळलं. त्याची एक सवय होती. दर वेळी तो मला उचलून स्वतःचा भांग बघायचा. "आरसा कुठाय?" म्हणत त्याने टॉवेलाकडे हात नेला. माझ्या दांड्याला त्याची बोटं लागली. मित्रांनो, काचेला घाम फुटत नाही, म्हणून बरं.

तेवढ्यात पंचकाकांनी कट्ट्यावरचं भांडं ढकललं. पाणी फरशीवर, त्याच्या चपलांवर सांडलं. तो गर्रकन वळला आणि त्याचा हात वर गेला. मालकांनी मनगट वरच्या वर धरलं.

"काकांनी डोळे आधी मिटले," मालक म्हणाले. "तुमचा हात नंतर उठला. अशी सवय कधीपासून लागली त्यांना?"

"मी काही केलं नाही हं!" तो ओरडला. "बारा-बारा तास एकटा राबतो मी. कुणी येतं का बघायला?" त्याचं हे खरंच होतं. अकरा म्हाताऱ्यांवर एकच माणूस ठेवणाऱ्यांना कुणी जाब विचारला नव्हता. पण दमलेल्या माणसाने मदत मागावी. दुसऱ्याची मान धरू नये.

तो फडकं आणायला गेला. मालकांनी पंचकाकांना बाहेर नेऊन बाकावर सगळ्यांच्या मधोमध बसवलं. "इथून उठायचं नाही. सगळ्यांना दिसत राहायचं." मग नवं ब्लेड आणतो असं सांगून, मला टॉवेलासकट घेऊन, टेबलावरचा फोन उचलून ते स्कूटरपाशी आले आणि टॉवेल काढला. शेवटचा आकडा फिसकटला होता. इंग्रजी तीन की आठ? तीन लावून पाहिला, कुणीतरी खेकसलं. आठ लावला. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बाबा आत्ता कुठे आहेत?"

"बाकावर. मी शेजारी बसतोय."

"निघालेच. दोन तास लागतील."

बापरे, ते दोन तास! मालकांनी उरलेल्या दहा जणांची दाढी इतकी सावकाश केली, की एक आजोबा खुर्चीत घोरायला लागले. पुन्हा साबण लावला, नखं कापली. मॅडम डोकावल्या, "आज फार वेळ?" मालक म्हणाले, "हात थरथरतोय, मॅडम." मदतनीस कॉरिडॉरच्या टोकाशी उभा राहून बघत होता. मालकांनी या वेळी प्रत्येकाच्या मानेमागे मला धरलं, आणि केसांकडे न बघता कानामागे पाहिलं. आणखी चौघांना तसेच डाग होते. गेले कित्येक मंगळवार मी हेच दाखवत होतो आणि मालक फक्त कडा सरळ आहेत का बघत होते.

मुलगी आली ती आरडाओरडा न करता आली. आधी वडिलांना छोट्या खोलीत नेऊन, दार लावून त्यांच्याजवळ बसली. फोन टेबलावर न ठेवता आत आणला होता, त्याने डागांचे फोटो काढले, तारीख-वेळ लिहून ठेवली. मॅडम म्हणाल्या, "या वयात त्वचा नाजूक होते, निळं पडतंच."

"दोन्ही कानांमागे एकाच मापाची नाजूक झाली का?" मुलीने विचारलं.

त्याच दिवशी तिने वडिलांना डॉक्टरांकडे नेलं आणि तपासणी लेखी घेतली. ज्येष्ठांच्या मदतीच्या क्रमांकावर आणि पोलिसांत तक्रार दिली. साक्षीदार म्हणून मालकांनी सही केली. तपासणीला माणसं आली, मदतनिसाला काढलं, मॅडमची चौकशी अजून चालू आहे. आता तिथे भरवायला तिघं असतात. आमचा मंगळवार मात्र बंद झाला. चुगलखोराला कोण काम देणार?

पंचकाका आता मुलीकडे आहेत. वाटीभर जेवायला त्यांना पाऊण तास लागतो आणि मुलगी पाऊण तास बसते. पण अजूनही कुणाचा हात वर गेला की त्यांची मान खांद्यांत जाते. म्हणून मालक आधी सांगतात, "काका, हात वर घेतोय हं." मग थांबतात. ते मान हलवतात, तेव्हाच कंगवा लागतो.

त्या चौघांपैकी तिघांच्या घरी मुलीनेच फोन केले. चौथ्या आजोबांच्या कागदावर नातेवाइकाचा रकाना कोराच होता. त्यांना भेटायला कित्येक महिन्यांत कुणी आलं नव्हतं, आणि त्यांच्या मानेवरचे डाग सगळ्यांत जास्त होते. आता मालक मंगळवारी भेटीच्या वेळेत त्यांच्याकडे जातात. दारातल्या वहीत नातं विचारलं की "पुतण्या" लिहितात. मला सोबत नेतात.

मित्रांनो, मी फक्त दाखवू शकतो. विचारायला तोंड तुम्हाला दिलंय. कुणी आजी-आजोबा असे परक्यांच्या हाती असतील, तर ठरलेल्या दिवशीच नव्हे, कधी न सांगताही जा. गप्प झालेत का, बारीक झालेत का, कुणी आलं की दचकतात का, बघा. त्यांच्या वतीने दुसराच कुणी उत्तरं देत असेल, तर त्याला बाहेर पाठवा. शंका आली तर ती गिळू नका, घरच्या मोठ्यांना त्याच दिवशी सांगा. आणि दोघंच असताना विचारा, "तुम्हाला इथे कुणी त्रास देतं का?" उत्तर लगेच येणार नाही. येईपर्यंत उठू नका.