आज कुठला उपास?

"आधी आमचे उखाभाऊ पितील, मग आपण," असं म्हणून प्लांटचे तरुण इंजिनीयर अजिंक्य साहेब यांनी नळाखाली ग्लास भरला आणि उखाच्या पुढे धरला.

गोडादऱ्याहून आलेली सोसायटीची मंडळी टाकीच्या सावलीत उभी होती. पाहुण्यांसमोर पाणी पिऊन दाखवायचं हे उखाचं नेहमीचंच काम. उधन्याच्या या प्लांटवर गटाराचं पाणी यायचं, साफ होऊन कापडाच्या मिलांना जायचं. त्यातलं थोडं मात्र आणखी बारीक पडद्यांतून गाळून पिण्याजोगं केलं जायचं. लोक तयार झाले, तर उन्हाळाभर टँकरमागे धावणाऱ्या गोडादऱ्याच्या काही सोसायट्यांना ते मिळणार होतं. नाही म्हणाले, तर तेही मिलांनाच. हे पाणी एकदा तरी माणसांच्या घरात जावं, असं उखाला फार वाटे. यंत्र चालवणाऱ्यानं एवढी हाव धरू नये म्हणतात, पण त्याला ती होती.

आणि नेमका आज त्याचा हात पुढे होईना.

"माझा उपास आहे, साहेब," तो हळूच म्हणाला.

"अहो, उपासाला पाणी चालतं की."

"याला नाही चालत."

भेट खरं तर शुक्रवारी ठरली होती, ती आयत्या वेळी अलीकडे आली. उखानं सकाळीच साहेबांना बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं म्हणजे पुढचंही सांगणं आलं, म्हणून तो मूग गिळून बसला.

प्रमिलाबाई पुढे झाल्या. मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई, सोसायटीत त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. "आज कुठला उपास, उखाभाऊ? एकादशी होऊन गेली, चतुर्थीला अवकाश आहे. मी सगळे उपास करते, मला तरी कळू द्या."

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, त्या खरंच विचारत होत्या. उखानं नुसता नळ बंद केला. मागे उभे असलेले सोसायटीचे मगनभाई हसले. "पोते पीतो नथी, ने आपणने पिवडावे छे," ते म्हणाले, आणि स्वतः पीत नाही नि आपल्याला पाजतो हे सगळ्यांनाच पटलं. साहेबांनी घाईघाईनं तो ग्लास स्वतः रिकामा केला. पण एव्हाना त्यांच्याकडे कोण बघतंय? सगळे उखाकडे बघत होते. ट्रेमधले भरलेले ग्लास तसेच राहिले.

उपास कुठल्याच देवाचा नव्हता. उखा आणि शोभाबाई खानदेशातून नवीनच आले होते, तो लूमवर कापड विणायला लागला होता, तेव्हाची गोष्ट. गल्लीतल्या बोअरच्या पाण्यात गटार मिसळलं आणि त्यांच्या कुंदनला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पोटात ठरत नाही तर पाणी बंद करा, असं शेजारचं कुणीतरी म्हणालं. उखानं ऐकलं. पोरगं पाणी पाणी करत राहिलं आणि बापानं तांब्या उंच फळीवर नेऊन ठेवला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाणीच द्यायचं होतं. पण तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून दरवर्षी त्या तिथीला दिवस मावळेपर्यंत उखा पाण्याचा थेंब घेत नसे. शोभाबाईला ते ठाऊक होतं. दोघं त्यावर कधी बोलले मात्र नव्हते.

भेटीच्या त्या संध्याकाळी, दिवस मावळल्यावर तिनं पाणी आणून दिलं, तेव्हा त्यानं प्लांटवर घडलेलं सांगितलं.

"मंग सांगाले काय व्हतं तुमले?" ती म्हणाली. "आपलाच पोऱ्या व्हता ना तो. त्यानं नाव लेवाले लाज कसानी?"

"लाज नही. धीरच नही व्हयना."

आठवडाभरात सोसायटीचा नकार आला. पिण्याच्या पाण्याची लाइन मिलच्या लाइनीला जोडली, आणि व्हॉल्व्हचं चाक उखालाच फिरवावं लागलं. आता त्या पाण्यात साड्या धुतल्या जाणार. "तुमचा काय दोष?" असं साहेब म्हणाले, ते चांगल्या मनानं म्हणाले. पण उखाला खात होतं ते वेगळंच. एक घोट घेतला असता तर पोरगं का रागावलं असतं? नाहीतर निदान खरं सांगून तरी टाकायचं. दोन्हींतलं एकही त्याच्याच्यानं झालं नाही.

रविवारी तो प्रमिलाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला.

"एक सांगायचं ऱ्हाऊन गेलं, बाई," तो म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगितलं, फळीवरच्या तांब्याचंसुद्धा. कुंदनचं नावही त्यानं घेतलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी बोलला असतात ना, तर मी स्वतः प्यायले असते. मी प्यायले असते म्हणजे बाकीचेही प्यायले असते. आता नकारावर सह्या देऊन बसलो आम्ही."

"हो बाई. आता काय."

खाली टँकर लागला होता, बादल्यांवरून चाललेली भांडणं वरपर्यंत ऐकू येत होती. दारात आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, म्हणून बाई आत गेल्या आणि ग्लास भरून घेऊन आल्या. उंबऱ्यापाशी त्या जरा घुटमळल्या.

"टँकरचं आहे," त्या ओशाळून म्हणाल्या. "गढूळ आहे थोडं."

"द्या," उखा म्हणाला, आणि पायरीवर बसून तो ते सगळं पाणी प्यायला.