तिसऱ्यांदा विचारलं तर

लूनविकमध्ये कुणाला कॉफी विचारली, तर तो आधी "नको" म्हणतो. पुन्हा विचारली, तर "कशाला उगाच त्रास" म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा कप" म्हणत खुर्ची ओढतो आणि दोन कप रिचवतो, वर केकही खातो. पहिल्या दोन नकारांना इथे कुणी नकार धरत नाही. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा माणूस हमखास बाहेरगावचा.

व्हर्ना हॉगनबाई याच गावच्या. उत्तर मिनेसोटातल्या या गावाचं वाचनालय त्या गुडघे कुरकुरत नव्हते तेव्हापासून सांभाळत होत्या. यंदा जानेवारीत त्यांच्या टेबलासमोर एक बोलकं यंत्र येऊन उभं राहिलं. माणसाएवढा पडदा, साखरेत घोळलेला आवाज, नाव पेनी. पुस्तक सुचवायचं, कुठल्या कपाटात आहे ते सांगायचं, नावावर नोंदवायचं, सगळं तीच करणार. ते घेऊन आलेल्या जिल्हा कार्यालयातल्या ब्रिजेटने जाता जाता अट सांगितली. ईस्टरपर्यंत निम्मी पुस्तकं पेनीकडून जायला हवीत, नाहीतर शनिवारी वाचनालय बंद.

व्हर्नाबाईंनी कॅलेंडरात ईस्टरपर्यंतचे शनिवार मोजले. हिवाळ्यातल्या शनिवारी बार आणि गोठलेल्या तळ्यावरची मासेमारी सोडली, तर या गावात माणसाने जायचं कुठे? त्यांच्या स्वतःच्या घरी वाट बघायला एक मांजर होतं, आणि तेही फारशी वाट बघत नसे.

शनिवारचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ऑर्व्हिल स्कोगन. जन्मभर शाळेची बस चालवलेला, बायको गेल्यापासून एकटा. तो टोपी काढून थेट व्हर्नाबाईंसमोर उभा राही.

"ऑर्व्हिल, त्या पेनीकडे जा की."

"जातो की. पुढच्या वेळी."

"मागच्या शनिवारी पण हेच म्हणालात."

"तू समोर बसलेली असताना तिच्याकडे जायचं? बरं दिसतं का ते?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तशी वाईट नाही ती. वेगळीच आहे, एवढंच."

'वेगळीच आहे' याहून जहाल शिवी लूनविककरांना येत नाही. व्हर्नाबाई आतून सुखावल्या, आणि हीच तर पंचाईत होती. गाव मायेपोटी त्यांचंच वाचनालय बुडवायला निघालं होतं आणि बाईंना गुदगुल्या होत होत्या. मार्च उजाडला तरी पेनीकडे चिटपाखरू फिरकलं नव्हतं.

शेवटी बाईंनी मनावर दगड ठेवला. एका शनिवारी ऑर्व्हिलची गाडी लागलेली दिसताच त्या कॉफीचा कप घेऊन मागच्या खोलीत लपल्या. दार तेवढं किलकिलं ठेवलं.

ऑर्व्हिल आला. खोकला. थांबला. पुन्हा खोकला. अखेर शेजाऱ्याच्या दारात उभं राहावं तसा पेनीसमोर जाऊन उभा राहिला आणि मासेमारीवरचं एक पुस्तक मागितलं. पेनीने नोंदवलं आणि विचारलं, "आणखी काही हवं आहे का?"

"नको नको."

"नक्की? काहीही विचारू शकता."

"कशाला उगाच."

"मला आनंदच होईल. काय हवंय?"

दाराआड व्हर्नाबाईंनी कपाळाला हात लावला. तिसऱ्यांदा विचारल्यावर कुणा लूनविककराची काय टाप आहे नाही म्हणायची! ऑर्व्हिलने बोटीच्या इंजिनावरचं पुस्तक घेतलं. पेनीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्याने पक्ष्यांवरचं घेतलं. मग विणकामावरचं, केवळ भिडेखातर. असं बराच वेळ चाललं. बाईंची कॉफी गार झाली, पण दोघांचं बोलणं मोडून बाहेर येणं म्हणजे उद्धटपणाच की.

"आणखी काही?" पेनीने कितव्यांदा तरी विचारलं.

ऑर्व्हिलने हातातली पुस्तकं खाली ठेवली. "रुबार्बच्या सॉसचं काही आहे का? आमची आर्डिस करायची. ती गेली तरी परसात रुबार्बचे आंबट देठ दर उन्हाळ्यात माजतातच, आणि मला साधा सॉस येत नाही. विचारायचं राहूनच गेलं."

व्हर्नाबाईंना दाराआड रडू फुटलं. आर्डिस गेल्यापासून दर शनिवारी त्या या माणसाशी बोलत होत्या, आणि फक्त बर्फाबद्दल. सॉस कसा होतो हे तर त्यांना पाठ होतं. पण आता बाहेर पडून सांगायचं, तर चोरून ऐकल्याचं कबूल करावं लागणार. त्या आतच बसून राहिल्या.

त्यानंतर मात्र बाई दर शनिवारी मागच्या खोलीत मुक्कामाला गेल्या आणि गावाचा धीर चेपला. जो पेनीकडे जाई तो अडके. एका पुस्तकासाठी आलेली माणसं थैल्या भरून बाहेर पडत. ईस्टरच्या आधी ब्रिजेट आली ती खुशीत.

"व्हर्ना, कमाल केलीत! सगळ्या जिल्ह्यात तुमचा पहिला नंबर. शनिवार पक्का."

"आम्ही कुठे काय केलं," व्हर्नाबाई रिवाजाप्रमाणे म्हणाल्या.

"फक्त बोलणं फार लांबतंय. आता ती एकदाच विचारेल. माणूस नको म्हणाला की धन्यवाद, संपलं. सोपं, नाही का?"

"वेगळंच आहे," बाई म्हणाल्या. ब्रिजेट शहरातली. तिला ते कौतुक वाटलं.

पुढच्या शनिवारी ऑर्व्हिल आला. एक पुस्तक नोंदवून झालं.

"आणखी काही हवं आहे का?"

"नको नको."

"धन्यवाद." पडदा काळा झाला.

ऑर्व्हिल टोपी हातात धरून त्या काळ्या पडद्यासमोर उभाच राहिला. मग टोपी चढवून दाराकडे वळला. व्हर्नाबाई मागच्या खोलीतून बाहेर आल्या.

"ऑर्व्हिल, आणखी काही?"

"नको, ठीक आहे."

"कॉफी ताजी आहे."

"कशाला उगाच त्रास."

बाईंनी टेबलामागची आपलीच खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठेवली. "आर्डिस त्या सॉसमध्ये संत्र्याची साल किसून घालायची. चर्चच्या जेवणावळीला तळघरात स्वयंपाक करताना माझ्या शेजारीच उभी असायची. कॉफी घेता का, ऑर्व्हिल?"

मला सॉस हवा होता हे तुला कसं कळलं, असं त्याने विचारलं नाही. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"बरं," तो म्हणाला, "अर्धा कप."