न आवळलेला नट

"हवा बघ, तेल बघ, साखळीचा झोल बघ, ब्रेक दाब, तोल बघ, मगच वाटेशी बोल."

हे आमच्या वडिलांचं. आम्हा दोघा भावंडांना पालथ्या खोक्यांवर बसवून ते पान्याने पेट्रोलच्या टाकीवर ठेका धरायचे. ताईला एका दमात पाठ. माझा झोल नेमका राहून जायचा. "पोरगी होणार मेकॅनिक आणि पोरगा गिऱ्हाईक," ते म्हणायचे. झालं उलटंच. गॅरेज माझ्याकडे आलं आणि ताई लग्न होऊन दाजींच्या घरी गेली.

चौदा महिन्यांपूर्वी दाजी एका वळणावर पडले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून त्यांची मोटरसायकल माझ्या गॅरेजात ताडपत्रीखाली उभी होती. मोडलेलं सगळं मी केव्हाच बदललं होतं. विकायला मन होत नव्हतं आणि चालवायला हात धजत नव्हता.

शनिवारी दुपारी ताई आली. काखेत कोरं हेल्मेट.

"काढ ती ताडपत्री. चालवायला शिकव, आणि गाडी राखायलाही."

"या वयात, ताई?"

"वय माझं आहे. तू तुझे नटबोल्ट सांभाळ." तिला शीतगृहात नोकरी लागली होती. शहराबाहेर, दाजी पडले त्या वळणाच्याही पुढे, बस न पोचणाऱ्या रस्त्यावर. "आणि ह्यांचं हेल्मेट नको. एकदा आपटलेलं पुन्हा घालत नाहीत, एवढं मलाही कळतं."

मी जुनं पेट्रोल काढून टाकलं, बॅटरी बदलली. मग तिला जवळ बसवलं.

"हवा मोजायची ती टायर गार असताना. पळून आलेलं टायर खोटं बोलतं. तेल बघायचं ते गाडी सरळ उभी धरून. कललेल्या गाडीत तेलही खोटं बोलतं."

"टायर खोटं, तेल खोटं," ताई हसली. किती दिवसांनी हसली. "तुझ्या धंद्यात खरं बोलतं तरी कोण रे?"

मी फडकं शोधायला पाठ वळवली.

साखळीला तिने स्वतःच खालून बोट लावलं. झोल जास्त होता. मागच्या चाकाचा मोठा नट सैल करायचा, चाक दोन्ही बाजूंनी सारखंच मागे सरकवायचं आणि नट पुन्हा आवळायचा. मी सांगत गेलो, ती करत गेली. पान्यावर सगळा भार टाकून तिने तो नट आवळला.

"आता त्याच्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका दे," मी म्हणालो.

"तो कशाला?"

"आवळल्याची खूण. ठिपका दिसला की त्या नटाकडे पुन्हा बघायचं नाही."

दाजी पडले त्या सकाळी त्यांची आणि एका गिऱ्हाइकाची, अशा दोन गाड्या इथे शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्हींच्या साखळ्या ओढून झाल्या होत्या. ब्रश सुकायला लागला म्हणून मी दोन्ही नटांवर एकदमच ठिपके दिले. गिऱ्हाइकाच्या गाडीचा नट आवळला. दुसऱ्याकडे वळणार, तोच बाजूला थांबलेल्या दाजींच्या खिशात फोन वाजला. दाजी घाईला आले, "झाली का रे?" मी नटाकडे पाहिलं. ठिपका होता. चावी दिली.

गाडी परत आली तेव्हा त्या जागी नट नव्हता. चौकशीवाल्याने कागदावर 'भरधाव' लिहिलं. मी नवा नट बसवला आणि तोंडाला कुलूप लावलं.

ताईने ठिपका दिला. ब्रश डबीत ठेवला आणि तिथेच, तेलकट जमिनीवर, फतकल मारून बसली.

"एक सांगू? कुणाजवळ बोलले नाही अजून."

"बोल ना."

"त्या दिवशी फोन मी केला होता. भांडण तरी कसलं, पडद्याच्या रंगावरून! रागाच्या भरात म्हटलं, दहा मिनिटांत या, नाहीतर येऊच नका." काळ्या झालेल्या हातांकडे ती बघत राहिली. "आले नाहीत. माझंच ऐकलं त्यांनी. जोरात हाकली असणार रे, माझ्यासाठी. मीच घालवलं त्यांना. ही गाडी मला चालवायची आहे ना, ती नोकरीसाठी थोडीच! तेवढी तरी शिक्षा असू दे मला."

'असं काही नसतं गं ताई,' हे वाक्य जिभेवर तयार होतं. चौदा महिने लोक तिला हेच सांगत होते. तेवढं म्हटलं असतं तर तिने डोळे पुसले असते, चहा घेतला असता आणि माझं ओझं स्वतःचं समजून पाठीवर घेऊन त्याच वळणावरून रोज गेली असती.

मी तिच्यासमोर खाली बसलो. तिचा हात धरायला गेलो, पण धरवला नाही.

"ताई, दाजी जोरात हाकल्यामुळे नाही पडले. मागच्या चाकाचा नट मी आवळलाच नव्हता."