टेबलाचा वळसा

“अहो, पाय!”

बायकोनं दटावलं, तेव्हा कुठे घड्याळजीच्या लक्षात आलं, की आपल्या पायांनी परीक्षेच्या दालनातलं अख्खं बाकडं हलतंय आणि त्यावरचे इतर मुलांचे सहा पालक उचकी लागल्यासारखे उडताहेत.

लोक त्याला भिंगरी म्हणत. दिवसभर बसून घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या चपला महिन्यात कशा झिजतात, हे कोडं चपला शिवणाऱ्याला मरेपर्यंत सुटलं नाही. हात स्थिर, पाय चालू. पोहणं पंधरा दिवस, टायपिंग तीन आठवडे, बासरी एक सकाळ. धरलेलं एकही शेवटास गेलं नाही. टिकलं ते कराटे. नऊ वर्षं! आज काळ्या पट्ट्याची परीक्षा होती, तिसरी. आणि वर्गाचा नियम असा, की तीन संधी झाल्या की पुन्हा नाव पाठवायचं नाही.

दोनदा तो एकाच जागी, कात्यात, आपटला होता. काता म्हणजे समोर नसलेल्या शत्रूंशी ठरलेल्या पावलांनी लढायचं आणि निघालो त्याच खुणेवर येऊन थांबायचं. भिंगरी दोन्ही वेळा खुणेपासून हातभर लांब उतरला. दोष घराचा. सराव जेवणाच्या खोलीत; सातव्या पावलाला टेबल आडवं यायचं, म्हणून पाऊल जरा वळवून टाकायचं. परीक्षेच्या दालनात टेबल नव्हतं, वळसा मात्र होता.

हे कळल्यावर बायकोनं टेबल शेजाऱ्यांना देऊन टाकलं. वर्षभर दोघं जमिनीवर बसून जेवली. “गुडघे माझे जाणार, पट्टा तुम्हाला मिळणार,” ती म्हणे. तरी भिंगरीचे पाय त्या गेलेल्या टेबलाला मान देतच होते.

कारकुनानं नाव पुकारलं.

“जा,” बायको पुटपुटली. “आणि हे बघा, शेजारचे आत्ता त्या टेबलावर जेवताहेत. इथे नाहीये ते.”

परीक्षक मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मान हलवली आणि तो सुटला. पहिली सहा पावलं अशी पडली, की भिंतीवरचा पंखा वाऱ्यानं उलटा फिरला म्हणतात. सातव्याला मांडी आपसूक वळायला निघाली.

तो थांबला. पाय अधांतरी. सगळं अंग ‘चल, चल’ करत होतं, पोटऱ्यांत मुंग्यांची वारुळं फुटली होती. त्यानं पाय तसाच धरला, आतलं वळण निवू दिलं आणि मग तो सरळ पुढे टाकला, नसलेल्या टेबलाच्या ऐन मध्यातून. शेवटच्या ठोशाला दोन्ही टाचा खुणेवर होत्या.

“काका, मध्येच थांबलात का?” मॅडमनी विचारलं.

“टेबल होतं.”

बाकड्यावर हशा पिकला. बायको हसली नाही. मॅडमही नाही.

“आणि आता?”

“आता नाही, मॅडम.”

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. “कात्यात थांबलेलं चालत नाही, काका. मला पास नाही करता येणार.”

“बरोबर आहे.”

“ही तिसरी वेळ होती...”

“माहीत आहे. पण काता शेवटास गेला ना?”

“गेला,” मॅडम म्हणाल्या. “अगदी खुणेवर.”

रिवाजाप्रमाणे दोघं एकमेकांसमोर वाकले. मॅडम सरळ झाल्या. तो वाकलेलाच होता. हात मांड्यांना चिकटलेले, पाठ फळीसारखी, आणि पाय जागच्या जागी. पुढचं नाव पुकारायला कारकुनानं तोंड उघडलं आणि मिटलं.

मग मॅडम पुन्हा वाकल्या.