थोडं चुकलं

दातांच्या डॉक्टरांना बोलायला फार आवडायचं, आणि धंदाही असा निवडला होता की समोरच्याला बोलता येऊ नये. पेशंट खुर्चीत आडवा, तोंडात आरसा, कापूस, थुंकी ओढणारी नळी, आणि डॉक्टर विचारणार, "काय मग, घरी सगळं ठीक?" पेशंट बिचारा "आं-आं" करायचा. "छान, छान!" म्हणून डॉक्टर स्वतःच उत्तर देऊन मोकळे. अख्खी हयात अशी गेल्यावर माणसाला सवय जडणार नाही तर काय!

त्यांची लेकही दातांचीच डॉक्टर झाली. शिक्षण आटोपून घरी आली आणि एकदा जेवताना काहीतरी बोलायला लागली, ती जेवण संपताच तोंड फिरवून खोलीत गेली. तेव्हापासून बापलेकीत "हो", "नाही" आणि "झाकून ठेवलंय" एवढाच संवाद उरला. आता तर तिने लांबच्या शहरातली नोकरी पत्करली होती आणि रविवारी ती निघणार होती. त्या जेवणात नेमकं बिनसलं काय, हे डॉक्टरांना काही केल्या कळेना.

"मला काय विचारता?" बायको म्हणाली. "मी सांगायला लागले की तुम्ही अर्ध्यातच माझं वाक्य पळवाल. वाचनालयाच्या माडीवर ते आत्मचिंतनाचं मंडळ भरतं ना, तिथे जाऊन या एकदा. ऐकायला शिकवतात म्हणे."

डॉक्टर गेले ते खरं तर दोन गोष्टी ऐकवायलाच. माडीवर मोजकी माणसं गोल बसली होती. पुस्तकं बांधणारी ताई मंडळ चालवायची; बोटांना अजून डिंक चिकटलेला. तिचा एकच नियम होता. आपलं बोलण्याआधी, आधीचा माणूस काय म्हणाला ते सांगायचं. तो "बरोबर" म्हणाला तरच पुढे जायचं. "थोडं चुकलं" म्हणाला तर पुन्हा.

हा काय पोरखेळ, असं डॉक्टरांच्या मनात आलं.

त्या दिवशीचा विषय होता, मन शांत कधी असतं. एक निवृत्त बस कंडक्टर म्हणाले, "शेवटची फेरी संपली की मी रिकाम्या गाडीत थोडा बसायचो. घंटा नाही, गर्दी नाही. तेव्हा मला भीती वाटायची."

डॉक्टर सरसावले. "कंडक्टरसाहेब म्हणाले, रिकाम्या गाडीत त्यांना फार शांत वाटायचं. आता माझ्या मते..."

"थोडं चुकलं," कंडक्टर म्हणाले. "भीती वाटायची."

"हां, भीती. कारण दिवसभराच्या गोंगाटाची सवय..."

"कारण मी अजून सांगितलंच नाही हो!"

सगळे हसले. डॉक्टरांचे कान तापले. "अहो, पण अर्थ तोच ना!"

ताई मात्र हसली नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "डॉक्टर, ते बोलत होते तेव्हा तुम्ही आत काय करत होतात?"

डॉक्टर उत्तर फेकणार होते, पण आधी त्यांनी खरंच आत डोकावून पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "मी... माझं वाक्य तयार करत होतो." आपल्याच दाढेत कीड सापडावी तसे ते चपापले. म्हणजे जग बोलत असताना आपल्या आत कुणीतरी अखंड बडबडत असतं? हा कोण? आणि हा गप्प बसला तर खाली काय उरतं? घरी जाताना त्यांना स्वतःबद्दलच भलतं कुतूहल वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी प्रयोग केला. आरसा घालण्याआधी विचारलं, आणि थांबले. जुने पेशंट असलेले एक आजोबा म्हणाले, "डॉक्टर, दुखतंय डावीकडे. मागच्या खेपेला तुम्ही उजवी बाजू साफ केलीत. मी आं-आं करून तेच सांगत होतो."

डॉक्टरांनी आरसा डावीकडे वळवला. या आं-आंमध्ये एवढं होतं, तर मग लेक काय म्हणाली होती?

रविवारी सकाळी ती पेटी भरत होती. डॉक्टर दारात उभे राहिले. "त्या दिवशी जेवताना तू काय म्हणाली होतीस?"

"आठवत नाही तुम्हाला?"

"आठवायला आधी ऐकावं लागतं. मी ऐकलं नव्हतं."

हातातला कुर्ता तिने तसाच धरून ठेवला. "मी म्हणाले, बाबा, तुमच्या दवाखान्याबद्दल मी काहीतरी ठरवलंय. बस्स. पुढचं तुम्हीच म्हणालात. 'कळलं, तुला नकोय तो. मी जबरदस्ती करणारा बाप नाही.' आणि मग भात संपेपर्यंत मुलांच्या स्वातंत्र्यावर भाषण."

डॉक्टरांच्या आतला बोलका तटकन उठला: मग तेव्हाच थांबवायचं नाही का मला! त्यांनी त्याला ऐकलं आणि गिळून टाकलं. "काय ठरवलं होतंस?"

"तुमच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकायची. माझी. पण तुम्ही इतक्या घाईने मला मोकळं केलंत की वाटलं, तुम्हालाच मी तिथे नकोय."

डॉक्टर आ वासून बघत राहिले.

"तोंड मिटा, बाबा," ती म्हणाली. पेशंटना म्हणायची सवय तिलाही लागली होती.

त्यांनी मिटलं. मग माडीवरच्यासारखं, शब्द जपून उचलत ते म्हणाले, "तू म्हणालीस... तुला माझ्या शेजारी काम करायचं होतं. आणि तुला वाटलं, मला तू नकोस."

"थोडं चुकलं," ती म्हणाली. कुर्ता तिने पेटीत न ठेवता पलंगावर टाकला. "अजूनही करायचंय."

डॉक्टरांनी आत चाचपलं. एकही वाक्य तयार नव्हतं. ते पेटीशेजारी खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.